पहिली टेली लेन्स: आधी अंतर मोजा, मग पैसे

ऑक्टोबर सरत आला की मला ठरावीक फोन यायला लागतात. "ताई, डिसेंबरात भिगवणला जायचंय. किट लेन्सनं पक्षी ठिपक्याएवढे येतात. २५०वाली घेऊ की ३००वाली?" विचारणारा बहुतेक वेळा दुकानातूनच बोलत असतो. मागून दुकानदाराचा आवाज येत असतो आणि पुढच्या दहा मिनिटांत पैसे द्यायचे असतात. मी त्याला आधी दुकानाबाहेर यायला सांगते. २५० की ३०० एमएम (आकडा जितका मोठा, तितकं लांबचं मोठं दिसतं) हा खरं तर शेवटचा प्रश्न. त्याआधी दोन गोष्टी बघायच्या असतात: तुमच्या कॅमेऱ्यावर ती लेन्स पूर्णपणे चालते का, आणि तुम्ही ज्याचे फोटो काढणार ते तुमच्यापासून किती लांब असतं.

हा लेख अशांसाठी आहे ज्यांच्याकडे क्रॉप सेन्सरचा (म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा आहे, त्यासोबत आलेली १८-५५ किंवा तशीच किट लेन्स आहे, आणि साधारण १० ते ३० हजारांत पहिली टेली झूम, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, घ्यायची आहे. मी स्वतः अशीच लेन्स बरीच वर्षं वापरते आणि अजून तिच्यावर खूश आहे.

आधी बॉडीवरचं नाव वाचा

कॅमेरा हातात घ्या आणि मॉडेलचं नाव कागदावर लिहून ठेवा. "निकॉनचा आहे" किंवा "कॅननचा आहे" एवढ्यावर लेन्स घेता येत नाही. सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात, म्हणून हा भाग जरा सावकाश वाचा.

कॅननच्या डीएसएलआरवाल्यांचं काम सोपं आहे. १९८७ पासूनच्या सगळ्या ईएफ लेन्समध्ये फोकसची मोटर लेन्सच्या आतच असते, त्यामुळे ऑटोफोकस चालेल की नाही ही शंका नाही. क्रॉप सेन्सरवर ईएफ आणि ईएफ-एस दोन्ही बसतात. ईएफ-एसच्या माउंटवर, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायच्या कड्यावर, पांढरा चौकोन असतो, ईएफवर लाल ठिपका. तुमच्या बॉडीवर दोन्ही खुणा असतील तर दोन्ही लेन्स चालतील. आर५०, आर१०० असा 'आर'चा मिररलेस असेल तर जुन्या ईएफ लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून छान चालतात. उलटं मात्र होत नाही, नवी आरएफ लेन्स जुन्या डीएसएलआरवर बसत नाही.

निकॉनमध्ये खरी मेख आहे. डी३०००, डी५००० या मालिकांतल्या कॅमेऱ्यांमध्ये (डी३२००, डी३४००, डी५३००, डी५६०० वगैरे) बॉडीत फोकसची मोटर नसते. जुन्या 'एएफ' किंवा 'एएफ-डी' लेन्स बॉडीतल्या मोटरवर चालायच्या. त्या या कॅमेऱ्यांवर बसतात, फोटोही निघतो, पण फोकस हातानं फिरवावा लागतो. उडत्या पक्ष्यावर हातानं फोकस करणं नवशिक्याला जमत नाही. आमच्या गटातल्या एका मुलीनं पहिल्या पगारातून सेकंडहँड ७०-३०० घेतली होती. दुकानदाराला तिनं विचारलंही होतं, "माझ्या कॅमेऱ्याला बसेल ना?" तो म्हणाला, "बसेल की!" बसली. घरी आल्यावर कळलं की ऑटोफोकस चालतच नाही, आणि दुकान लेन्स परत घेईना. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, "बसते का" असं विचारूच नका. "माझ्या या मॉडेलवर ऑटोफोकस चालतो का, लावून दाखवा" असं म्हणा.

निकॉनची दुसरी मेख याच्या बरोबर उलट आहे. 'एएफ-पी' या नव्या लेन्स डी३१००, डी३२००, डी५१००, डी९० अशा जुन्या बॉडींवर फोकसच करत नाहीत, हातानंसुद्धा नाही, कारण त्यांची फोकस रिंग विजेवर चालते. डी३३००, डी५३००, डी५५०० यांना कंपनीचं फर्मवेअर (कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट टाकावं लागतं. डी३४००, डी३५००, डी५६०० आणि डी७५०० वर त्या थेट चालतात. म्हणून जुन्या बॉडीवाल्यांनी 'एएफ-एस' शोधावी. झेड मालिकेचा मिररलेस असेल तर एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर एएफ-एस आणि एएफ-पी दोन्ही ऑटोफोकस करतात, जुन्या एएफ-डी करत नाहीत.

सोनीवाल्यांनी लेन्स ई-माउंटची आहे ना एवढं बघावं. जुन्या ए-माउंटच्या लेन्स स्वस्तात मिळतात, पण वेगळा अ‍ॅडॉप्टर घ्यायचा म्हणजे बचत तिथेच संपते.

किती लांब बघायचंय?

लोक विचारतात, "कितीचा झूम आहे?" आणि उत्तर येतं, "४ एक्स." या आकड्यावरून काही कळत नाही. ७०-३०० साधारण ४ एक्स आहे आणि १५०-६०० सुद्धा ४ एक्सच. मोठा आकडा भागिले लहान आकडा, एवढाच त्याचा अर्थ. किती लांबचं दिसणार ते शेवटच्या एमएमवरून ठरतं.

तो आकडा डोळ्यांसमोर आणायला पैसे लागत नाहीत. किट लेन्स ५५ वर ठेवा आणि गच्चीतून किंवा गॅलरीतून समोरच्या झाडावरच्या कावळ्याचा फोटो काढा. संगणकावर तो फोटो उघडून मधला भाग रुंदीच्या एक पंचमांश राहील इतका कापा. कापून उरेल तेवढंच चित्र तुम्हाला २७५ एमएमला दिसेल. फक्त लेन्सनं काढलेलं बरंच स्वच्छ असेल, कारण पूर्ण सेन्सर वापरलेला असेल. एवढ्यानं कावळा पुरेसा मोठा दिसला तर २५०-३००ची लेन्स तुम्हाला पुरेल. नाही दिसला तर पुढचा परिच्छेद वाचा.

क्रॉप सेन्सरवर १० मीटर अंतरावर ५५ एमएमला सव्वाचार मीटर रुंदीचं दृश्य फ्रेममध्ये मावतं. २५० ला साधारण ९० सेंटिमीटर, ३०० ला ७८ आणि ६०० ला ३९. आपला नेहमीचा पांढऱ्या छातीचा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत २८ सेंटिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे १० मीटरवर बसलेला खंड्या ३०० एमएमला फ्रेमचा तिसरा हिस्सा व्यापतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात एवढ्यात पिसांची रेघन्‌रेघ दिसते. तोच ५ मीटरवर आला तर दोन तृतीयांश फ्रेम भरते. वेडा राघू लहान, शेपटीची दोन लांब पिसं सोडली तर १८ सेंटिमीटरच्या आत-बाहेर. त्याच्यासाठी ६-७ मीटरपर्यंत पोचावं लागतं. आणि रोहित पक्षी, ज्याला आपण अग्निपंखही म्हणतो, उभा राहिला की सव्वा मीटरच्या आसपास. तो ४० मीटरवर असला तरी ३०० एमएमच्या फ्रेमची अर्ध्याहून जास्त उंची भरतो.

अंतर निम्मं केलंत की एमएम दुप्पट झाल्यासारखं असतं. २५० आणि ३०० मधला फरकही याच हिशेबानं बघा. ३०० नं १२ मीटरवरून जे दिसतं, ते २५० नं १० मीटरवरून दिसतं. दोन मीटर. त्यातून कॅननचा क्रॉप १.६ आणि निकॉनचा १.५, त्यामुळे फुल फ्रेमच्या हिशेबात कॅननची २५० म्हणजे ४०० आणि निकॉनची ३०० म्हणजे ४५०. एवढ्या फरकासाठी आयएस (हाताची थरथर आवरणारी यंत्रणा) नसलेली ३०० घेऊन आयएस असलेली २५० सोडणं हा वाईट सौदा आहे, आणि तो दुकानात रोज होतो.

अंतर कमी करणं म्हणजे पक्ष्याच्या अंगावर धावून जाणं नव्हे. खाली बसा. पाणवठ्याजवळ पाऊण तास न हलता बसलात तर शेकाट्या आणि धोबी स्वतःहून तुमच्याकडे सरकतात. पुण्याजवळच्या कवडीपाटला मी हे कितीदा अनुभवलंय. गाडीतून उतरू नका, काच खाली करा आणि इंजिन बंद ठेवा. पक्षी माणसाला घाबरतात तेवढे उभ्या गाडीला घाबरत नाहीत. घरट्याच्या जवळ मात्र कुठलीच लेन्स घेऊन जाऊ नका. आईबाप घरटं सोडून गेले की पिल्लांचं काय होतं ते मी एकदा पाहिलंय, त्यानंतर घरट्याचा एकही फोटो काढला नाही.

लेन्सवरचे आकडे

लेन्सच्या कडेवर असं काहीतरी लिहिलेलं असतं: ७०-३००, ४.५-६.३. पुढचा आकडा अ‍ॅपर्चरचा. ७० एमएमला भिंग एफ/४.५ पर्यंत उघडतं, ३०० ला एफ/६.३ पर्यंतच. आकडा वाढला की प्रकाश कमी.

स्वस्त लेन्स अंधाऱ्या का असतात ते एका भागाकारात कळतं. ३०० ला ६.३ नं भागा, साधारण ४८ मिलिमीटर येतात. उघडं छिद्र एवढं. ३०० भागिले २.८ केलं तर १०७ मिलिमीटर. म्हणजे पुढची काच निदान पोळपाटाच्या निम्म्या रुंदीची हवी, तीही निर्दोष घासलेली, आणि तिच्या मागे तशाच आणखी काचा. त्यांचंच वजन, त्यांचीच किंमत. एफ/२.८ ला एफ/६.३ च्या पाचपट प्रकाश मिळतो हे खरं. पण हिवाळ्यात सकाळी साडेसातनंतर उजनीच्या पाण्यावर इतका उजेड असतो की ६.३ पुरून उरतो. कमी पडतो तो दाट जंगलात, संध्याकाळी साडेसहाला आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात. मुलीचा स्टेजवरचा नाच टिपायला लेन्स हवी असेल तर ही टेली झूम घेऊ नका. ८५ एमएम एफ/१.८ सारखी न झूम होणारी लेन्स बघा.

हात हलतो त्याचं काय?

टेलीमध्ये हाताची थरथरही तेवढीच मोठी होऊन दिसते. म्हणून थरथर आवरणारी यंत्रणा लेन्समध्ये हवीच. कॅनन तिला आयएस म्हणतं, निकॉन व्हीआर, सोनी ओएसएस, टॅमरॉन व्हीसी, सिग्मा ओएस. नाव वेगळं, काम एकच. पहिल्या टेलीत ही अक्षरं नसतील तर कितीही स्वस्त असली तरी नको म्हणा. कॅननची ७५-३०० (तिसरी आवृत्ती) डबल किटमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यासोबतच्या दोन लेन्समध्ये, मिळते, पण तिच्यात आयएस नाही. निकॉनची एएफ-पी ७०-३०० दोन प्रकारांत आली, एक व्हीआरची आणि एक बिनव्हीआरची. दिसायला दोन्ही जुळ्या बहिणी. कडेवर 'व्हीआर' लिहिलेलं आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचा, खोक्यावरून ठरवू नका.

ही यंत्रणा तुमचा हात थांबवते, पक्ष्याला नाही. उडणाऱ्या घारीसाठी शटर स्पीड १/१६०० सेकंदाच्या आसपास लागणारच. पण डोंगरावरून समोरच्या किल्ल्याचा बुरूज, देवळाचं शिखर किंवा फांदीवर निवांत बसलेलं वानर टिपायचं असेल तर आयएस लावून १/१०० ला सुद्धा ३०० एमएमचा फोटो शार्प येतो. एरवी जुना नियम (एक भागिले एमएम, क्रॉप धरून) १/४५० च्या खाली जाऊ देत नाही.

मग घ्यायची कोणती?

कॅनन डीएसएलआरवर माझं उत्तर वर्षानुवर्षं एकच आहे: ईएफ-एस ५५-२५० आयएस एसटीएम. २०१३ ची लेन्स, वजन फक्त ३७५ ग्रॅम, फोकस झटपट आणि जवळजवळ बिनआवाजाचा. ८५ सेंटिमीटरपर्यंत जवळचं टिपते, त्यामुळे कासच्या पठारावरचं फुलपाखरूही तिच्यात येतं. तिच्या आधीची 'आयएस टू' सेकंडहँड बाजारात ढीगभर मिळते आणि दुरून सारखीच दिसते, पण फोकस हळू आणि घरघरत होतो. 'एसटीएम' ही अक्षरं शोधा.

निकॉनच्या चालणाऱ्या बॉडीवर एएफ-पी डीएक्स ७०-३०० व्हीआर. २०१६ ची, ४१५ ग्रॅम, आणि फोकस इतका चपळ की याच किमतीतल्या बाकीच्या मागे पडतात. तिच्या अंगावर व्हीआरचा खटका नाही, सगळं कॅमेऱ्याच्या मेनूतून करावं लागतं. जुन्या बॉडीवर एएफ-एस ५५-३०० व्हीआर घ्या. ती थोडी जड, ५३० ग्रॅम, फोकस सावकाश, पण चित्र चांगलं देते. ५५-२०० पक्ष्यांसाठी घेऊ नका. सहा महिन्यांत बदलावीशी वाटेल.

मिररलेसमध्ये निकॉन झेड ५०-२५० व्हीआर (४०५ ग्रॅम) बिनधास्त घ्यावी. सोनीची ५५-२१० हलकी आणि स्वस्त आहे, पण पक्ष्यांना अपुरी. सोनीवाल्यांनी शक्य असेल तर थांबून ७०-३५० साठी पैसे जमवावेत. कॅनन आरवाल्यांसाठी आरएफ-एस ५५-२१० फक्त २७० ग्रॅमची आहे, प्रवासाला उत्तम. पण पक्षीच टिपायचे असतील तर आरएफ १००-४०० बघा. ६३५ ग्रॅममध्ये ४०० एमएम हे काही वर्षांपूर्वी खरं वाटलं नसतं. ४०० ला ती एफ/८ वर येते, म्हणून ढगाळ दिवशी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) वाढवावा लागेल. किंमत या लेखाच्या हद्दीच्या बाहेर जाते, पण सेकंडहँड सापडली तर सोडू नका.

१५०-६०० चं काय, असं प्रत्येकजण विचारतो. सिग्मा आणि टॅमरॉन दोघांच्याही चांगल्या आहेत, वजन दोन किलोच्या जवळपास. गेल्या वर्षी भिगवणजवळच्या कुंभारगावच्या नावेत माझ्या शेजारी एक काका अशीच लेन्स घेऊन बसले होते. नावाड्यानं मोटर बंद केली आणि बांबूनं ढकलत आम्हाला रोहितांच्या थव्यापासून ४०-५० मीटरवर आणून सोडलं. काकांना एकेक पक्षी फ्रेमभर मिळत होता, सुरेख. मला माना खाली घालून चिखल गाळणारे तीन-चार पक्षी त्यांच्या प्रतिबिंबांसकट मिळत होते. एवढ्यात उजवीकडून एक नदी सुरय आला, नावेवरून आठ-दहा मीटरवर, आणि वळला. मला लेन्स उचलून त्याच्याबरोबर फिरवता आली आणि सात फ्रेम मिळाल्या, त्यातल्या दोन टोकदार शार्प. काकांची लेन्स वळेपर्यंत तो पार पलीकडे गेला होता. त्या दिवशी त्यांनीच विचारलं, "केवढ्याची आहे हो तुमची?" सेकंडहँड, १४ हजार. मोठी लेन्स वाईट म्हणून मी हे सांगत नाही. ताडोबात किंवा माळरानावर लांबच्या ससाण्यासाठी तिला तोड नाही. पण पहिली लेन्स खांद्याला ओझं न होणारी असावी, म्हणजे ती रोज बाहेर येते.

काही गोष्टी घेऊच नका. ४२०-८०० एमएमची, हातानं फोकस करायची, एफ/८.३ पासून सुरू होणारी लांब नळी ऑनलाइन अगदी स्वस्तात दिसते. किट लेन्सच्या पुढे स्क्रूनं बसवायची '२ एक्स' काच ऑफरमध्ये फुकट मिळते. दोन्हींनी फोटोतला गाळच वाढतो. टेलिकन्व्हर्टरही (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारी वाढीव काच) या लेन्ससाठी नाहीत. आणि ज्यांच्याकडे अजून बॉडीच नाही, फक्त पक्षी ओळखायचे आहेत आणि नोंदी ठेवायच्या आहेत, त्यांनी निकॉनच्या पी९०० सारखा ब्रिज कॅमेरा (लेन्स न बदलता येणारा) जरूर बघावा. त्याचा ८३ एक्स झूम २००० एमएमच्या तोडीचा जातो. सेन्सर लहान असल्यामुळे संध्याकाळी तो मान टाकतो, पण भर उन्हात नोंदीसाठी उत्तम.

सेकंडहँड घेताना

या लेन्स डबल किटमध्ये आल्या आणि हजारो लोकांनी त्या चार वेळा वापरून कपाटात ठेवल्या. म्हणून सेकंडहँडमध्ये चांगला माल सापडतो. मुंबईत फोर्टला बोराबाजारच्या गल्लीत एका फेरीत पाच-सहा दुकानं बघून होतात. पण जिथे जाल तिथे स्वतःची बॉडी, चार्ज केलेली बॅटरी आणि रिकामं कार्ड घेऊन जा. दिवसा जा. पुढे सांगते त्या क्रमानं तपासा आणि घाई करू नका. जो विक्रेता "एवढं काय बघताय" म्हणेल, त्याच्याकडून घेऊ नका.

पहिल्यांदा लेन्स कॅमेऱ्याला न लावता दोन्ही टोप्या काढा. मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूनं धरा आणि पुढच्या काचेतून जरा तिरकं बघा. मग झूम शेवटपर्यंत फिरवून पुन्हा बघा, मग उलट बाजूनं. धुळीचे कण दिसतीलच, त्यांनी काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा मुळ्या फुटल्यासारखे बारीक तंतू दिसले, बहुधा काचेच्या कडेकडून आत येणारे, तर ती बुरशी. बाजारात तिला फंगस म्हणतात. लेन्स खाली ठेवा आणि धन्यवाद म्हणा. "साफ करून देतो" म्हणतील, पण बुरशी काचेवरचा लेपच खाते, आणि साफ केल्यावरही तिची खूण राहते. सगळी काच श्वास सोडल्यासारखी धुरकट दिसली तरीही नको. पुढच्या काचेवर एखादा बारीक ओरखडा चालतो, त्यानं फोटोत फरक पडत नाही. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र दिसतो.

नंतर माउंटजवळचे स्क्रू बघा. त्यांच्या खाचा झिजलेल्या असतील तर कोणीतरी ती उघडलेली आहे. झूमची रिंग पूर्ण फिरवा. वाळूसारखी खरखर लागली तर लेन्स कोकणच्या किनाऱ्यावर फिरून आलेली असू शकते. प्लॅस्टिकच्या माउंटला घाबरू नका, या वर्गातल्या बऱ्याच लेन्सना तोच असतो.

आता कॅमेऱ्याला लावा आणि दुकानाच्या दारात उभं राहा. शेवटच्या टोकावर, म्हणजे २५० किंवा ३०० वर, रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पाटीवर फोकस करा. मग चार-पाच मीटरवर उभ्या असलेल्या स्कूटरच्या नंबर प्लेटवर. पुन्हा पाटीवर. असं दहा वेळा. एकदाही अडखळून मागेपुढे करत बसली नाही तर मोटर ठीक. शटरचं बटण अर्धं दाबून धरा. आयएस चालू असेल तर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र क्षणभरानं तरंगत स्थिरावतं, आणि कान लावलात तर बारीक गुणगुण ऐकू येते. ती बंद करून पुन्हा बघा. दोन्हीत फरक जाणवलाच पाहिजे. मग अ‍ॅपर्चरच्या मोडवर एक फोटो सगळ्यात उघड्यावर आणि एक एफ/१६ वर काढा. दोन्ही सारखेच उजळ आले पाहिजेत. वेगळे आले तर छिद्र लहान-मोठं करणारी पाती अडकतायत.

शेवटी विटांच्या भिंतीचा समोरून, सरळ एक फोटो काढा आणि मागच्या पडद्यावर मोठा करून चारही कोपरे तपासा. चारही कोपरे थोडे मऊ असणं साहजिक आहे. एकच बाजू पुसट असेल तर आतली काच सरकलेली आहे, म्हणजे लेन्स कधीतरी पडलेली आहे.

बिल मागा आणि त्यावरचा अनुक्रमांक लेन्सवरच्याशी ताडून बघा. नवी लेन्स बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर विचारा, कंपनीची भारतातली वॉरंटी आहे की दुकानाची? ग्रे मार्केटच्या, म्हणजे कंपनीला टाळून परस्पर आणलेल्या, मालाला दुकानाचीच वॉरंटी असते, आणि ती किती टिकेल ते दुकानावर.

पहिल्या सकाळी

मोड शटर स्पीडचा ठेवा. कॅननवर तो टीव्ही, निकॉन-सोनीवर एस. बसलेल्या पक्ष्यासाठी १/५००, उडत्यासाठी १/१६००. आयएसओ ऑटोवर सोडा आणि १६०० पर्यंत जाऊ द्या. थोडे दाणे दिसलेले चालतात, हललेला फोटो कशानंच सुधारत नाही. फोकस सतत पाठलाग करणारा, म्हणजे कॅनन डीएसएलआरमध्ये एआय सर्व्हो, 'आर'मध्ये सर्व्हो आणि इतरांत एएफ-सी. बिंदू मधला एकच, आणि तो पक्ष्याच्या डोळ्यावर. उजेड भरपूर असेल तर अ‍ॅपर्चरच्या मोडवर जाऊन एफ/८ करून बघा. बऱ्याच स्वस्त झूम शेवटच्या टोकाला एफ/८ वर जरा जास्त शार्प होतात.

डावा हात लेन्सच्या खाली, कोपर छातीला टेकवलेलं, आणि हूड नेहमी लावलेला. स्वस्त यूव्ही फिल्टर लावला असेल तर काढून ठेवा, टेलीवर तो चित्र फिकट करतो. आणि ऊन वर चढायच्या आत आटपा. तापलेल्या जमिनीवरून आणि पाण्यावरून हवा लहरायला लागली की लांबचे फोटो पाण्यातून काढल्यासारखे येतात. कितीतरी जणांनी त्या फोटोंवरून लेन्स खराब ठरवून विकायला काढली आहे. तीच लेन्स दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, १० मीटरवरच्या खंड्यावर लावून बघा.

पावसाळ्यातली सोय

मुंबईत, कोकणात आणि गोव्यात लेन्सचा खरा शत्रू म्हणजे जून ते सप्टेंबरची दमट हवा. कॅमेऱ्याच्या बॅगेत किंवा चामड्याच्या पिशवीत लेन्स ठेवून पावसाळा काढू नका. बॅग ओल धरून ठेवते. घट्ट झाकणाचा, रबर असलेला मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या. त्यात पाव किलो सिलिका जेल कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा आणि एक छोटा आर्द्रतामापक टाका. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. निळं जेल गुलाबी झालं की ओल भरली. मंद आचेवर तव्यात परतून ते पुन्हा निळं करता येतं, पण त्या वेळी खिडकी उघडी ठेवा आणि स्वयंपाकाचा तवा वापरू नका. डब्यात तांदूळ नकोत, त्यांची भुकटी लेन्सवर बसते. डांबरगोळ्याही नकोत.

आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढा, झूम दोन-चारदा मागेपुढे फिरवा, खिडकीतून चार फोटो काढा. आणि एसी गाडीतून दमट हवेत उतरताना बॅगेची चेन वीस-पंचवीस मिनिटं उघडू नका, नाहीतर काचेवर धुकं धरतं. मी तोवर दुर्बिणीनं बघते, आणि पक्षी कुठल्या फांदीवर परत परत येतोय ते हेरून ठेवते.